बडोद्याच्या पेल्यांतील गाळ : मल्हारराव गायकवाड प्रकरणांतील मुका पुरावा व त्याची उलट तपासणी

मराठी अमदानींतील निवाडपत्रें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस एक गोष्ट ठाऊकच असेल. निवाडा चालतो तो बोलत्या पुराव्यावर. गोतांतील वडीलधाऱ्यांच्या साक्षी, भोगवट्याचे कागद, आणि त्यांनीं भागलें नाहीं तर दिव्य, असा तो क्रम असतो. आमचा आजरा महाल इचलकरंजीकर घोरपड्यांच्या जहागिरींत होता. त्या जहागिरीसारख्या ठिकाणचे रुमाल सोडावेत तों महजर, कतबे, राजीनामे हातीं येतात. पण अमुक वस्त्रावर डाग होता, अमुक भांड्यांत अवशेष होता, म्हणून अमुक दोषी ठरला, असा मजकूर क्वचितच दृष्टीस पडतो. नारदानें हातीं शस्त्र असलेला मनुष्य घातक समजावा असें सांगितलें आहे खरें. परंतु बाह्य चिन्हांवर भिस्त ठेवल्यास मांडव्यासारखा चोर नसलेला पुरुषही चोर ठरतो, हा इशाराही त्याच ग्रंथांत आहे. म्हणजे मुक्या पुराव्याचा मोह आणि त्याचें भय हीं दोन्हीं आपल्याकडे जुनींच आहेत. नवीन आली ती रसायनशाळा.

एकोणिसाव्या शतकांत ही रसायनशाळा न्यायाच्या दारांत उभी राहिली, तेव्हां तिचें सामर्थ्य मोठें विषम होतें. खुनाच्या खटल्यांत धोतरावरील डाग रक्ताचा आहे, इतकें फार तर सांगतां येई. तें रक्त मनुष्याचें कीं कोंबड्या-बकऱ्याचें हें निश्चयानें सांगण्याची रीत ऊलेनहूट या जर्मन वैद्यानें १९०१ मध्यें प्रसिद्ध केली, आणि रक्ताचे वर्ग लान्डस्टायनर यानें ठरविले तेही त्याच सुमारास. तोंपर्यंत आरोपीनें ‘बकरें कापलें होतें’ म्हटलें म्हणजे सरकारी वकिलाचा निम्मा पुरावा कोलमडे. सोमलाची गोष्ट उलट होती. मार्श यानें १८३६ मध्यें जी परीक्षा बसवून दिली तिच्यामुळें अत्यल्प सोमलही पकडतां येऊं लागला होता. रक्ताविषयीं वाद घालण्यास वकिलास जी जागा मिळे ती सोमलाविषयीं रसायनाच्या बाजूनें उरली नव्हती. तरीही त्या काळांतील मराठी संस्थानिकाच्या सर्वांत गाजलेल्या चौकशींत सोमलाच्याच पुराव्यावर सहा न्यायाधीश तीन विरुद्ध तीन असे फुटले. तें कां, एवढाच या लेखाचा विषय आहे. मल्हारराव गायकवाड यांची कारकीर्द बरी कीं वाईट हा प्रश्न निराळा. तिचा बचाव करण्याची प्रस्तुत लेखकाची इच्छा नाहीं.

पूर्वपीठिका थोडक्यांत अशी. खंडेराव महाराज २८ नोव्हेंबर १८७० रोजीं वारले. (याच आठवड्यांत, ३० नोव्हेंबरला, करवीरचे राजाराम महाराज फ्लॉरेन्स येथें निवर्तले, दोन मराठी गाद्या दोन दिवसांच्या अंतरानें रिकाम्या झाल्या.) खंडेरावांच्या मागें त्यांचे बंधु मल्हारराव गादीवर बसले. बंधूच्या जिवावर उठल्याच्या संशयावरून ते पूर्वीं पाद्र्यास कैदेंत होते, ही गोष्ट पुढें त्यांस फार नडली. १८७३ मध्यें कर्नल फेअर रेसिडेंट होऊन आले. त्यांचें व दरबारचें आरंभापासून वांकडें. कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखालीं राज्यकारभाराची एक चौकशी झाली. दादाभाई नौरोजी दिवाण झाले, पण त्यांनाही रेसिडेंटाचें साह्य मिळालें नाहीं. अखेर २ नोव्हेंबर १८७४ रोजीं महाराजांनीं व्हाइसरॉयांकडे खलिता धाडून फेअरसाहेबांची बदली मागितली. त्यानंतर बरोबर सातव्या दिवशीं तो प्रकार घडला.

९ नोव्हेंबर हा सोमवार होता. सोमवार व गुरुवार हे महाराजांचे रेसिडेन्सींत भेटीस जाण्याचे वार. सकाळीं फेरफटका करून आल्यावर कर्नल फेअर नित्याप्रमाणें पपनसाचें सरबत घेत. त्या दिवशीं त्यांनीं दोन-तीन घोट घेतले; थोड्या वेळानें मळमळूं लागलें, म्हणून उरलेलें सरबत बाहेर व्हरांड्यांत फेंकून दिलें. पेला खालीं ठेवतांना तळाशीं काळसर गाळ दिसला. तो गाळ त्यांनीं रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांजकडे पाठविला. सीवर्ड यांनीं परीक्षा करून सोमल असल्याचें सांगितलें. पुढें अवशेष मुंबईस सरकारी रसायनपरीक्षक डॉ. ग्रे यांजकडे गेला. त्यांनींही सोमल निश्चित केला. त्याबरोबर कांहीं चकाकणारे कण होते. ते हिऱ्याच्या भुकटीचे, कीं कांचेचे वा गारेचे, याविषयीं मात्र सोमलाइतका निःसंदिग्ध निर्णय झाला नाहीं. हिरकणी खाल्ल्यानें आंतडीं कापून मनुष्य मरतो, ही समजूत आपल्या लोकांत पूर्वापार आहे. त्यामुळें हिरकणीचें नांव निघतांच सर्वांस ती खरी वाटली. वैद्यकदृष्ट्या त्या समजुतींत अर्थ थोडा आहे. पण या प्रकरणांत हिरकणीचें महत्त्व विष म्हणून नव्हतेंच. हिरे जवाहिऱ्याकडूनच यावयाचे आणि जवाहिरे वाड्यावर जाणारे. तेव्हां हिरकणी सिद्ध झाली तर पेल्यापासून राजवाड्यापर्यंतची वाट आपोआप आंखली जात होती.

येथपर्यंत पुरावा मुका व स्वच्छ आहे. त्याला तोंड फुटलें तें डिसेंबरांत. फेअर यांस हलवून सर लुई पेली यांस नेमलें होतें, आणि तपासासाठीं मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर हे आपल्या हाताखालील अकबर अली व अबदुल अली यांसह बडोद्यास आले होते. रेसिडेन्सींतील हवालदार रावजी यानें माफीच्या वचनावर कबुलीजबाब दिला. महाराजांचे चाकर सालम व यशवंतराव येवले यांच्या मध्यस्थीनें आपण वाड्यावर गेलों, पैसे घेतले, पुड्या मिळाल्या आणि त्या आपण सरबतांत टाकल्या, असें त्यानें सांगितलें. पाठोपाठ नरसू जमादारानें त्याला दुजोरा दिला. हा वृद्ध नोकर पुढें पहाऱ्यांत असतां रेसिडेन्सीच्या विहिरींत पडला व वर काढला गेला. शेवटीं महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदर त्रिंबक, हेही माफी मिळवून साक्षीदार झाले. सोमल व हिरे आपण महाराजांच्या हुकमानें मिळवून सालम व यशवंतराव यांच्या हवालीं केले, असें त्यांचें म्हणणें पडलें. जानेवारी १८७५ मध्यें महाराजांस अटक झाली.

चौकशीसाठीं नेमलेलें कमिशन न्यायालय नव्हतें, हें लक्षांत ठेवणें अवश्य आहे. बडोदें ब्रिटिश मुलुखांत नसल्यानें १८७२ चा पुराव्याचा कायदा तेथें बंधनकारक नव्हता. कमिशनानें आपलें मत हिंदुस्थान सरकारास कळवावयाचें, एवढेंच त्याचें काम. अध्यक्ष बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड कौच. त्यांच्या बरोबर जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग, सर रिचर्ड मीड, राजे सर दिनकरराव राजवाडे आणि मेल्व्हिल. मागील चौकशीचे अध्यक्ष मीड या चौकशींत पुनः न्यायासनावर बसावे, ही गोष्ट त्या काळच्या लोकांस खटकली असल्यास नवल नाहीं. २३ फेब्रुवारी १८७५ रोजीं काम सुरू झालें. सरकारतर्फे मुंबईचे अ‍ॅडव्होकेट-जनरल स्कोबल व त्यांचे साहाय्यक इन्व्हेरारिटी. महाराजांतर्फे विलायतेहून मुद्दाम आणलेले सार्जंट बॅलंटाइन, त्यांच्या मदतीस ब्रॅन्सन, पर्सेल, आणि आपल्याकडील शांताराम नारायण व वासुदेव जगन्नाथ कीर्तिकर.

बॅलंटाइन यांच्या उलट तपासणीची कीर्ति फार झाली, पण तिचें मर्म कोठें होतें हें सांगणारे थोडे. तिच्या जोरकसपणाचीं वर्णनें पुष्कळ आढळतात. वस्तुतः तिचें खरें बळ संयमांत आहे. पेल्यांत सोमल होता कीं नाहीं यावर त्यांनीं आपला भार टाकला नाहीं. रसायनाशीं भांडण करण्यांत अर्थ नाहीं हें त्यांनीं ओळखलें होतें. त्यांनीं एकच प्रश्न निरनिराळ्या साक्षीदारांपाशीं निरनिराळ्या रूपानें लावून धरला. ही वस्तु तुझ्या हातीं येण्यापूर्वीं कोणाच्या हातीं होती, आणि तें तुला कोणी सांगितलें? सगळी उलट तपासणी या एका खुंट्याभोंवतीं फिरते.

पहिलें उदाहरण खुद्द कर्नल फेअर. आपल्या तोंडास तांब्यासारखी चव आली होती असें ते म्हणत. आणि विषांत सोमल, हिरकणी व तांबें हीं तीन द्रव्यें असल्याची बातमी त्यांस बाहेरून मिळाली होती. ही बातमी देणारा इसम भाऊ पुणेकर नांवाचा, दरबारच्या विरुद्ध पक्षांतला व रेसिडेंटाकडे जाणारा-येणारा. बॅलंटाइन यांनीं रेसिडेंटास या माणसाविषयीं खोदखोदून विचारलें. सीवर्ड व ग्रे यांनीं नांव घेतलेल्या द्रव्यांत तांबें नव्हतें. म्हणजे बातमींतील तीन द्रव्यांपैकीं एक निश्चित खरें, एक संशयित आणि एक निराधार. जो मनुष्य विषाचा पाठ इतक्या तपशीलानें सांगतो तो तें कशावरून सांगतो, हा प्रश्न वकिलानें सभेपुढें ठेवला व तेथेंच सोडला. फिर्यादी, तपासणारा आणि बातमी गोळा करणारा हे तिघेही एकाच पुरुषांत एकवटले होते, हें त्यावरून सर्वांस दिसलें. विष प्रत्यक्ष ज्याच्यावर झालें त्याच्यावर हेत्वारोप न करतां त्याची साक्ष अशी दुबळी करणें हें कौशल्याचें काम खरें.

दुसरें उदाहरण रावजीच्या पट्ट्याचें. प्रस्तुत लेखकाच्या मतें सर्व प्रकरणाची किल्ली येथें आहे, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ घालवितों. पेल्यांतील सोमल कोणी टाकला याचा पुरावा रावजीची जबानी; ती गुन्ह्यांत भागीदार असलेल्या माणसाची, म्हणून तिला बळकटी पाहिजे. डिसेंबरच्या अखेरीस ती बळकटी मिळाली. रावजीचा चपरासाचा पट्टा तोंपर्यंत दुसऱ्या एका शिपायाकडे गेला होता. तो आणवून पाहतां त्याच्या आंतल्या शिवणींत कागदाची पुडी सांपडली व पुडींत सोमल निघाला. पुडी प्रथम हातीं लागली ती अकबर अलींच्या. मग सूटरसाहेबांस बोलावून त्यांच्या समक्ष ती काढण्यांत आली. स्कोबल यांनीं या शोधास मोठें महत्त्व दिलें. बॅलंटाइन यांनीं त्याच शोधावर सर्वांत तीव्र हल्ला चढविला. कबुली देतांना ज्या पुडीची आठवण झाली नाहीं ती पुडी इतके दिवस पट्ट्यांत कशी राहिली; पट्टा दुसऱ्याच्या कमरेला असतां ती त्याला कशी लागली नाहीं; आणि साहेबांस बोलावण्यापूर्वीं पट्टा ज्याच्या हातांत होता तो तपास लावण्यासाठीं खास आणलेला पोलीस अंमलदार कां असावा, असा त्यांचा रोख होता. पुडी पोलिसांनींच घातली, असें सुचविण्यास ते कचरले नाहींत.

येथें वाचकानें एक भेद नीट करावा. पुडी घातली हें सिद्ध झालें नाहीं. घातली नाहीं हेंही सिद्ध झालें नाहीं. रसायनपरीक्षकानें पुडींतील द्रव्य सोमल म्हणून सांगितलें आणि तेथें त्याचें काम संपलें. पट्ट्यांत सोमल होता यावरून रावजीनें तो ठेवला असें निघण्यास मध्यें एक माणूस, त्याचा हात व त्याचा प्रामाणिकपणा लागतो. रक्ताच्या डागाचें असेंच आहे. आज रक्त कोणाचें हें जवळजवळ निःसंशय सांगतां येतें. पण तें त्या वस्त्रावर केव्हां व कोणाकडून आलें, आणि वस्त्र जप्त झाल्यापासून परीक्षकाच्या मेजावर जाईपर्यंत मोहोर अभंग होती कीं नाहीं, यावर बचावाचा वकील आजही तेच प्रश्न विचारतो. पट्ट्यावर त्या वेळीं तटस्थ पंचांची मोहोर पडली असती, तर कमिशनापुढचा अर्धा वाद उद्भवलाच नसता.

तिसरी गोष्ट जुन्या कागदांच्या संग्राहकांस विशेष रुचेल. दामोदरपंतांच्या ताब्यांतील खाजगी हिशेबाच्या यादी पुराव्यांत आल्या. सालम व यशवंतराव यांस दिलेल्या रकमा निराळ्या सदरांखालीं घातल्याचें पंतांनीं सांगितलें, आणि कांहीं यादींवर नांवांच्या जागीं शाई सांडलेली होती. सरकारपक्षाच्या मतें हे डाग म्हणजे गुन्हा लपविल्याची खूण. बॅलंटाइन यांनीं तोच डाग उलटा धरला. ज्यास कागद नाहींसा करावयाचा त्यास जाळण्याची सोय होती. शाई सांडून ठेवणें म्हणजे पाहणाऱ्याचें लक्ष मुद्दाम तिकडे नेणें. शिवाय हिशेब ज्याच्या हातचा त्याच्याच तोंडून त्याचा अर्थ ऐकावयाचा. तो हातचा हिशेब स्वतःच्या अफरातफरीसाठीं बिघडविला नसेल कशावरून? आपण मोडी कागद तपासतांना शाईचा डाग, खाडाखोड, कागदाचा कस हीं पाहतों. पण डाग कोणत्या हेतूनें पडला हें डाग सांगत नाहीं, ही साधी गोष्ट आपल्यांतील कित्येक विद्वानही विसरतात. पंतांनीं कबुली दिली ती अटकेनंतर पंधरवड्याहून अधिक काळ गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यांत काढल्यावर, व माफीचें वचन पदरीं पडल्यावर, हेंही वकिलानें वदवून घेतलें.

बाकीच्या साक्षीदारांविषयीं फार लिहीत नाहीं. हेमचंद फत्तेचंद जवाहिऱ्यानें कमिशनासमोर आपली पूर्वीची जबानीच नाकारली. ती पोलिसांच्या दबावाखालीं झाली असें तो म्हणाला, आणि हिरकणीची वाट तेथें खचली. पेद्रो हा गोव्याकडील बटलर रावजीच्या सांगण्याप्रमाणें कटांत सामील. पण साक्षींत त्यानें तें साफ नाकबूल केलें. दोघेही सरकारनें आणलेले साक्षीदार! उलटपक्षीं आया अमिना हिच्या वाड्यावरील फेऱ्या, आणि रावजीच्या पगारास न शोभणारे त्याचे दागिने, यांस उलट तपासणींतही फारसा धक्का लागला नाहीं. वाड्याचें रेसिडेन्सींतील नोकरांशीं संधान होतें व त्यांस पैसे मिळत, एवढें कोणत्याही निःपक्ष वाचकास मान्य करावें लागेल. त्या काळीं कोणता दरबार रेसिडेन्सींतील बातमी काढण्यास पैसे चारीत नसे, हा प्रश्न अलाहिदा.

निकाल असा लागला. कौच, मीड व मेल्व्हिल यांच्या मतें सर्व आरोप शाबीत. शिंदे, जयपूरकर व दिनकरराव यांच्या मतें विषप्रयोगास महाराजांची चिथावणी असल्याचें शाबीत नाहीं. नोकरांशीं असलेल्या संधानास त्यांनीं तितकें भारी मानलें नाहीं. गोरे एका बाजूस व हिंदी दुसऱ्या बाजूस, म्हणून ही जातीची फूट होती असा अर्थ त्या वेळीं सर्रास झाला व अजून होतो. प्रस्तुत लेखकास तो अपुरा वाटतो. तिघां इंग्रजांनीं तीन भागीदारांच्या जबान्या परस्परांशीं जुळतात यास महत्त्व दिलें. तिघां हिंदी गृहस्थांनीं त्या जबान्या महाराजांपर्यंत पोंचतात त्या केवळ दामोदरपंतांच्या तोंडून, आणि त्यास निराळा आधार नाहीं, यास महत्त्व दिलें. भागीदाराच्या साक्षीस स्वतंत्र पुष्टि असावी, हें तत्त्व इंग्रजी कायद्याचेंच. तें या वेळीं दिनकररावांसारख्या जुन्या कारभाऱ्यानें अधिक घट्ट धरलें, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. रावजीनें विष टाकलें असावें, असें माझें मत आहे. दामोदरपंत त्यांत गुंतले असणेंही शक्य दिसतें. परंतु पंतांपासून महाराजांपर्यंतची अखेरची कडी एका माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर व शाई सांडलेल्या यादींवर लोंबत होती, आणि उलट तपासणीनंतर ती कडी भार सोसण्याजोगी उरली नाहीं.

सरकारनेंही तें एका परीनें कबूल केलें. एप्रिल १८७५ मध्यें महाराज पदच्युत झाले, पण जाहीरनाम्यांत कारण दिलें तें कमिशनाच्या निर्णयाचें नव्हे. दुर्वर्तन, अंदाधुंदी व राज्य करण्याची अपात्रता यांचें. मल्हाररावांस मद्रासेस नेऊन ठेवण्यांत आलें व तेथेंच ते १८८२ मध्यें वारले. २७ मे १८७५ रोजीं कवळाण्याचे गोपाळराव दत्तक घेतले गेले. तेच सयाजीराव महाराज.

एक अडचण सांगून लेख पुरा करतों. साक्षीदार मराठी, गुजराथी, हिंदुस्थानी बोलले. दुभाष्यानें त्याचें इंग्रजी केलें. आणि छापील वृत्तांत आहे तो त्या इंग्रजीचा. उलट तपासणींत एका शब्दावर सगळें फिरतें. रावजीनें पुडी ‘ठेवली’ म्हटलें कीं ‘राहिली’ म्हटलें, नरसूनें विहिरींत ‘पडलों’ म्हटलें कीं ‘उडी टाकली’ म्हटलें, हें इंग्रजीवरून पुरतें उमगत नाहीं. मराठींत या प्रकरणावर पुढें जें लिहिलें गेलें त्यांतील बरेंचसें याच इंग्रजी वृत्तांताचें पुनः मराठी भाषांतर आहे. त्यांतही बहुतेकांनीं सरतपासणी तेवढी घेतली व उलट तपासणी गाळली. १८७४-७५ सालचीं बडोद्याकडील खाजगी मराठी पत्रें, विशेषतः चौकशीच्या दिवसांत मंडपांत हजर असलेल्या कारकून-वकिलांनीं आपल्या घरीं लिहिलेलीं, ज्यांच्या रुमालांत असतील त्यांनीं तीं तारीखवार लावून मूळ शब्दांसह प्रसिद्ध करावीं, अशी त्यांस विनंति आहे.